सातच्या ढिगात अडकलेले चारशे चित्रपट

‘वाचक विचारतात’ या सदरात या वेळी चित्रपट पाहणाऱ्यांचे, त्यांच्या वह्यांचे आणि त्यांच्या भांडणांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : गेली नऊ वर्षं पाहिलेला प्रत्येक चित्रपट वहीत लिहितो आणि दहापैकी गुण देतो. आकडा ६४० वर गेला. परवा सहज मोजलं तर त्यातल्या ४१० चित्रपटांना ७ किंवा ८ गुण आहेत. आता ‘माझे आवडते चाळीस’ अशी यादी करायला बसलो तर कुठून सुरुवात करावी तेच कळेना. सगळ्यांना पुन्हा गुण देऊ का?
एक वाचक, डोंबिवली

पुन्हा गुण देऊ नका. फूटपट्टी तीच आणि मोजणारा हातही तोच, तेव्हा ढीग पुन्हा सातवरच साचेल. तो का साचतो? एक तर आपण चित्रपट निवडून पाहतो. परीक्षण वाचून, मित्राने सांगितलं म्हणून, दिग्दर्शकाचं नाव बघून. वाईट चित्रपट आपल्यापर्यंत पोचत नाहीत, आणि पोचले तरी विसाव्या मिनिटाला बंद होतात, वहीत चढतच नाहीत. दुसरं कारण शाळेतलं. कागदावर ३५ला पास असलं तरी घरात साठच्या खालचे गुण नापासातच जमा व्हायचे. ती सवय सुटत नाही. पाच दिले की चित्रपटाचा अपमान केल्यासारखं वाटतं. आणि दहा गुण तर कधीतरी येणाऱ्या थोर चित्रपटासाठी राखून ठेवलेले. म्हणजे पट्टी दहाची असली तरी वापरात जेमतेम तीन-चार आकडे.

गुण देताना डोळ्यांसमोर एकच चित्रपट असतो. क्रम लावायचा तर दोन लागतात. म्हणून आकडे बाजूला ठेवा आणि जोड्या लावा. मात्र ६४० चित्रपटांच्या सगळ्या जोड्या होतात २,०४,४८०. तेवढ्या लावायची गरज नाही.

आधी चाळणी. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं कापा, एका कार्डावर एक नाव आणि वर्ष. गुण लिहू नका, कार्डावर जुना ८ दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. मग तीन ढीग : ‘पुन्हा बघेन’, ‘एकदा पाहिला, ठीक’, आणि ‘काहीच आठवत नाही’. एका कार्डाला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. तिसरा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा होईल आणि त्यात आठ गुणवालेही सापडतील. तो ढीग क्रमवारीतून बाहेर. जो आठवत नाही त्याची कुणाशीही तुलना करता येत नाही, मग तो कितीही नावाजलेला असो.

पहिल्या ढिगावरून आणखी एकदा हात फिरवा आणि चाळीस कार्डांवर या. आता एकेक कार्ड क्रमात घुसवत जायचं, पण वरून खाली प्रत्येकाशी ताडून नव्हे, मधोमध चिरत. समजा चाळीस कार्डं लागली आहेत आणि नवीन एक आलं. ते आधी विसाव्याशी ताडा. नवीन सरस ठरलं, तर खालची सगळी कार्डं विसरा आणि दहाव्याशी ताडा. तिथे हरलं, तर पंधराव्याशी. जिंकलं, तर बाराव्याशी. हरलं, तर तेराव्याशी. जिंकलं की त्याची जागा ठरली : बारा आणि तेराच्या मध्ये. पाच तुलनांत काम झालं. चाळीसच्या यादीत फार तर सहा लागतात. अख्खी चाळीसची यादी शून्यापासून उभी करायला जास्तीत जास्त १७७ तुलना, जिथे सगळ्या जोड्या केल्या असत्या तर ७८० झाल्या असत्या. एका बैठकीत तीसच्या वर तुलना करू नका. त्यापुढे माणूस चित्रपटांची तुलना करत नाही, नुसती कार्डं टाकतो. सहा संध्याकाळी लागतील.

आता कुठे बिघडतं ते. सगळ्यात जास्त घोळ होतो प्रश्न मधेच बदलल्याने. सोमवारी आपण ‘कुठला जास्त आवडतो’ असं विचारत असतो आणि बुधवारी नकळत ‘कुठला जास्त चांगला केलाय’ असं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या दोन वेगळ्या याद्या होतात. म्हणून एका कार्डावर प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून समोर उभं करून ठेवा. ‘आज रात्री यांतला एकच बघायचा तर कुठला?’ हा आवडीचा प्रश्न. ‘यांतला एकच जपून ठेवता आला, दुसरा कायमचा गेला, तर कुठला ठेवाल?’ हा दुसरा, आणि आमच्या मते जास्त खरं बोलायला लावणारा.

दुसरा घोळ ताज्या चित्रपटाचा. गेल्या आठवड्यात पाहिलेला चित्रपट बहुतेक वेळा भाव खाऊन जातो, कारण त्याचा शेवट अजून अंगावर असतो. तीन महिने होईपर्यंत त्याचं कार्ड वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. तिसरा घोळ चक्राचा : अ हा ‘ब’ला हरवतो, ब हा ‘क’ला, आणि क पुन्हा ‘अ’ला. असं तिघांत झालं की समजायचं, तिघं तुमच्या लेखी एकाच पायरीवर आहेत. तिन्ही कार्डांना एकच क्रमांक द्या. जबरदस्तीने कुणाला तरी वर चढवाल तर पुढच्या सगळ्या तुलना वाकड्या होतील.

यादी झाली की पंधरा दिवस पेटीत टाका. मग शेजारशेजारच्या दहा जोड्या कुठूनही उचला आणि यादी न बघता पुन्हा ताडा. दहातल्या चार-पाच उलट्या आल्या तर तुमच्या सतराव्या आणि अठराव्या क्रमांकात फरक नाही हे उघड आहे. अशा वेळी क्रमांक पुसून टप्पे करा : पहिले ५, पुढचे १०, मग उरलेले २५. पण दहा जागांचं अंतर असलेल्या जोड्याही उलट्या पडायला लागल्या, तर दोष आवडीचा नाही. प्रश्न बदललाय, प्रश्न लिहून ठेवलेल्या कार्डाकडे परत जा.

आणि तरीही आकडे हवेतच असतील तर क्रम लागल्यावर काढा, आधी नको. पहिल्या दोन ढिगांतल्या चित्रपटांना पाच ताऱ्यांची पट्टी लावा : वरच्या दहा टक्क्यांना ५, पुढच्या वीस टक्क्यांना ४, मधल्या चाळीसला ३, मग वीसला २ आणि तळाच्या दहाला १. तीन तारे म्हणजे ‘मधला’ हे एकदा मनावर ठसलं की सातचा ढीग फुटतो.

प्रश्न : आयएमडीबीवर एका छोट्या मराठी चित्रपटाला ९.२ दिसतात, पण तो त्यांच्या ‘पहिल्या २५०’ यादीत नाही. ८.४वाले मात्र आहेत. हा पक्षपात नाही का? शिवाय एके ठिकाणी १०० टक्के आणि दुसरीकडे ६.३, असं एकाच चित्रपटाचं कसं?
एक वाचक, नाशिक

पक्षपात नाही, वजन आहे. ‘पहिल्या २५०’साठी किमान २५,००० मतं लागतात, आणि यादीतला क्रम साध्या सरासरीवर लागत नाही. या संकेतस्थळाने जाहीर केलेलं सूत्र असं : चित्रपटाच्या खऱ्या मतांत २५,००० काल्पनिक मतं मिसळायची, आणि त्या काल्पनिक मतांची किंमत सगळ्या चित्रपटांच्या एकूण सरासरीएवढी, म्हणजे सुमारे ७, धरायची. तुमच्या चित्रपटाला १,२०० मतं आणि सरासरी ९.२ असेल, तर १,२०० गुणिले ९.२ अधिक २५,००० गुणिले ७, भागिले २६,२००. उत्तर ७.१. एक लाख मतांच्या ८.४वाल्याला हेच लावा, ८.१२ येतात. ज्याची मतं थोडी, तो सरासरीकडे ओढला जातो. ज्याची भरपूर, तो आपल्या जागी टिकतो. शिवाय या यादीसाठी नियमित मत देणाऱ्यांचीच मतं धरतात. पहिल्या दिवशी चाहत्यांनी ओतलेली दहा-दहाची रास तिथे फारशी चालत नाही.

छोट्या चित्रपटावर यात अन्याय होतो का? होतो. पण १,२०० मतांतली किती मतं कलाकारांच्या नातेवाइकांची आहेत हे यंत्राला कळत नाही, तेव्हा दुसरा उपाय काय?

शंभर टक्क्यांचं कोडं वेगळं. रॉटन टोमॅटोजवरचा टक्का हा गुण नसून डोकी मोजलेली असतात : किती समीक्षकांनी ‘बरा’ म्हटलं. दहा समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी सहा दिले आणि प्रत्येकाचा सूर ‘बघायला हरकत नाही’ असा असला तरी टक्का १००. उलट एखाद्या चित्रपटावर सहा जण जीव टाकतात आणि चौघं नाक मुरडतात, त्याचा टक्का ६०, म्हणजे लाल टोमॅटोच्या (‘बरा’ या खुणेच्या) अगदी उंबरठ्यावर, कारण ६०च्या खाली हिरवा चिखल. यातला दुसरा चित्रपट बघण्यात जास्त अर्थ असू शकतो. मेटाक्रिटिक मात्र समीक्षकांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणून सरासरी काढतं आणि काही समीक्षकांना जास्त वजन देतं. तीन संकेतस्थळं तीन वेगळे प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तरं जुळण्याचं कारणच नाही.

सरासरीपेक्षा मतांचे उभे पट्टे बघत जा. उंचवटा ७ आणि ८वर असेल तर ती साध्या प्रेक्षकांची मतं. दोन खांब, एक १०वर आणि एक १वर, असतील तर ते चित्रपटाविषयी नाही, दोन टोळ्यांविषयी आहे. तो आकडा सोडून द्या.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात २२ सभासद आहेत. वर्षअखेरीस प्रत्येकाने दहा नावं क्रमाने द्यायची. पहिल्याला १० गुण, दहाव्याला १. यंदा जो पहिला आला तो एकाच्याही यादीत पहिला नव्हता! आणि सहा जण ज्याच्यासाठी भांडत होते तो मागे पडला, कारण तो त्या सहाच जणांनी पाहिला होता. पद्धत बदलावी का?
एक वाचिका, कोल्हापूर

बदला. तुम्ही वापरता ती पद्धत सगळ्यांना चालणारी साबुदाण्याची खिचडी निवडते. आकडे बघा : बावीस जणांनी एखादा चित्रपट पाचव्या जागी ठेवला तर त्याला प्रत्येकी ६, एकूण १३२. सहा जणांनी एखादा डोक्यावर घेतला तरी त्याला फार तर ६०. इथे आवड मोजली गेलीच नाही, मोजली गेली हजेरी.

म्हणून पहिली गरज हजेरीपटाची. प्रत्येक खेळाला कोण होतं याची यादी चिटणिसाकडे हवी, नाहीतर ‘पाहिला नाही’ आणि ‘पाहिला पण दहांत घेतला नाही’ यांत फरक करता येत नाही. पहिल्याचं मत धरायचं नाही, दुसऱ्याचं शून्य धरायचं. मग बेरजेऐवजी सरासरी काढा, पण नुसती सरासरीही फसवते. दोघांनीच पाहिलेला आणि दोघांनीही पहिला दिलेला चित्रपट १० घेऊन सगळ्यांच्या वर बसेल. वर नाशिकच्या वाचकांना सांगितलेली युक्ती इथे छोट्या मापात लावा. प्रत्येक चित्रपटाच्या मतांत पाच काल्पनिक मतं मिसळा, प्रत्येकी ५ गुणांची. दोघांचा लाडका : २० अधिक २५ भागिले ७, म्हणजे ६.४. सहा जणांचा : ६० अधिक २५ भागिले ११, म्हणजे ७.७. बावीस जणांची खिचडी : १३२ अधिक २५ भागिले २७, म्हणजे ५.८. मंडळाचं मन या क्रमात जास्त खरं दिसतं.

एवढ्यावर थांबलात तरी चालेल. पण पहिल्या तिघांवरून दरवर्षी वाद होत असेल तर वरचे आठ चित्रपट घ्या आणि त्यांच्यात जोडीने सामने लावा. सभासदांना वेगळं काही करायचं नाही. आठपैकी जे पाहिले असतील तेवढे त्यांनी चिठ्ठीवर क्रमाने लिहायचे. चिटणीस आणि आणखी एक जण मिळून २८ जोड्या मोजतात, आणि प्रत्येक जोडीत ज्यांनी दोन्ही चित्रपट पाहिले आहेत त्यांचंच मत धरतात. सर्वांत जास्त सामने जिंकेल तो पहिला. एकाने चिठ्ठ्या वाचायच्या, दुसऱ्याने आठ बाय आठच्या चौकटीत रेघा ओढायच्या. तासाभराचं काम आहे.

यातही एक गंमत होते, ती आधीच माहीत असलेली बरी. समजा पंधरा जण आहेत. पाच जणांचा क्रम अ, ब, क. पाच जणांचा ब, क, अ. पाच जणांचा क, अ, ब. मोजा : अ हा ‘ब’ला १०–५ने हरवतो, ब हा ‘क’ला १०–५ने, आणि क हा ‘अ’ला १०–५ने. कुणाचीही चूक नाही, मोजणीचीही नाही. अशा वेळी तिघांना विभागून पहिला क्रमांक द्यायचा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यवृत्तात लिहून ठेवा. निकाल लागल्यावर नियम शोधत बसलात तर पुढच्या वर्षी २२चे १६ सभासद होतील.

आणखी दोन गोष्टी. चिठ्ठ्या चर्चेआधी घ्या. एकदा जोरात बोलणारा बोलला की पुढची पाच मतं त्याची असतात. आणि जानेवारीत दाखवलेले चित्रपट डिसेंबरात कुणाला आठवत नाहीत, म्हणून प्रत्येक खेळानंतर आठवडाभरात प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घ्या आणि मतदानाच्या दिवशी सगळी नावं त्या ओळींसह वाचून दाखवा. तारखेच्या क्रमाने नको, चिठ्ठ्या उचलून येतील तशी.

प्रश्न : नवीन ५५ इंची टीव्ही घेतला आणि जुने चित्रपट मालिकेसारखे दिसायला लागले. माणसं घसरत चालल्यासारखी वाटतात, चेहरे रुंद झालेत. टीव्ही खराब आहे का?
एक वाचक, लातूर

टीव्ही ठणठणीत आहे, जरा जास्तच उत्साही आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर (फ्रेमवर) घेतलेला असतो. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चौकटी रचून घालतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाला ते शोभतं. चित्रपटाचा मात्र पोत जातो. सेटिंगमध्ये ‘पिक्चर’ आणि त्याच्या आत ‘अॅडव्हान्स्ड’ किंवा ‘क्लॅरिटी’ असा भाग शोधा. सॅमसंगमध्ये याला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, त्यात हे आपोआप बंद होतं. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड दुकानातल्या उजेडासाठी असतो, घरी नको. वीजबचतीचा आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारा पर्यायही बंद ठेवा, नाहीतर रात्रीच्या दृश्यांत नुसता काळोख दिसतो.

बंद करूनही परत तसंच दिसलं तर दचकू नका. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंगं प्रत्येक जोडणीसाठी वेगळी असतात. सेट-टॉप बॉक्ससाठी केलेला बदल टीव्हीतल्या अॅपला लागू होत नाही, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवलेला) चित्रपट सुरू झाला की तिसराच संच उघडतो. प्रत्येक ठिकाणी एकदा जाऊन बदलावं लागतं.

चेहरे रुंद झाले कारण चित्र ताणलं गेलंय. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा त्या काळातला कुठलाही चित्रपट जवळपास चौकोनी असतो, रुंदी चार तर उंची तीन. तुमचा पडदा सोळाला नऊ. डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणलं की तुकाराम जाडे होतात; मोठं करून कापलं तर उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो, तोही बहुधा कपाळ आणि पाय. उलट बाजूला ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा, चित्रपट. तो या पडद्यावर वर-खाली पट्ट्या ठेवून पडद्याची साधारण पाऊण उंचीच व्यापतो, आणि तो तसाच बघायचा. ‘पिक्चर साइझ’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा. काळी पट्टी म्हणजे वाया गेलेला पडदा नव्हे.

बसायचं कुठे? पडद्याच्या कर्णाच्या १.६ पट अंतरावर. ५५ इंचीला सव्वासात फूट, ४३ इंचीला पावणेसहा. आपल्याकडे सोफा भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये बारा फूट, अशी रचना असते. त्या अंतरावरून ५५ इंची पडदाही छोटाच दिसतो. चित्रपटापुरती प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढा. आवाजाचं एकच : वेगळे स्पीकर नसतील तर अॅपमध्ये ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ निवडा. संवाद मधल्या वाहिनीत असतात आणि टीव्हीच्या दोन स्पीकरांत ते दबतात. मग संवादासाठी आवाज वाढवायचा आणि गाणं लागलं की रिमोट शोधायचा.

प्रश्न : लहानपणी जीव टाकलेला चित्रपट पंचवीस वर्षांनी पाहिला आणि फिका वाटला. वहीतले नऊ खोडून सहा करू का? मुळात वहीत काय काय लिहावं?
एक वाचिका, बेळगाव

खोडू नका. खाली नवी तारीख घालून नवी नोंद करा. नऊ देणारी मुलगी आणि सहा देणारी बाई, दोघींनी दोन वेगळे चित्रपट पाहिलेत, कधीकधी अगदी शब्दशः. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चंच घ्या. त्याच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. त्यांतून वाचवून दुरुस्त केलेली प्रत २०१५मध्ये आली. त्याआधी ओरखड्यांची, खरखरत्या आवाजाची प्रत पाहून दिलेले गुण आणि नंतरचे गुण एका रांगेत मांडता येत नाहीत. वेगाचाही फरक असतो : आपल्याकडच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या जुन्या ‘पाल’ पद्धतीत २४ चौकटींचा चित्रपट २५च्या वेगाने चालवत, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे आणि आवाज किंचित चढा लागे.

म्हणून वहीत पहिल्या रकान्यात तारीख, मग नाव, वर्ष, दिग्दर्शक. मग कुठे पाहिला : थिएटर, टीव्ही, फोन. किती मिनिटांची प्रत, किती बैठकांत. बस. त्याखाली तीनच ओळी, आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायच्या. एक ओळ डोळ्यांत राहिलेल्या दृश्याची, एक कानांत राहिलेल्या आवाजाची, एक तक्रारीची. ‘अप्रतिम छायाचित्रण’ ही नोंद नव्हे, ती कुठल्याही चित्रपटाला चिकटते. ‘विहिरीवरचं दृश्य, रहाट थांबतो तेव्हाच कळतं ती गेली’ ही नोंद. दहा वर्षांनी कार्डांच्या जोड्या लावायला बसाल तेव्हा ती एक ओळ अख्खा चित्रपट परत आणते.

प्रश्न : वेळ कमी असतो म्हणून दीडपट वेगाने पाहतो. चालेल ना?
एक वाचक, पुणे

बातम्या चालतील. चित्रपटातली सहा सेकंदांची शांतता दीडपट वेगात चारच सेकंदांची होते, आणि दिग्दर्शकाने आणि संकलकाने भांडून ठरवलेले ते दोन सेकंदच असतात. १२० मिनिटांतली ४० वाचवण्यापेक्षा ८० मिनिटांचा चित्रपट निवडा, आहेत भरपूर. वेगाने पाहिलेल्यांचं पान वहीत वेगळं ठेवा आणि त्यांना क्रमवारीत घेऊ नका.

प्रश्न : जगातल्या सर्वश्रेष्ठ १०० चित्रपटांची यादी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली आणि पहिल्याच चित्रपटात झोप लागली. तीन तास वीस मिनिटं एक बाई घरकाम करते! यादी चुकीची की आम्ही?
एक वाचक, सोलापूर

वर्णनावरून ही ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाची २०२२ची यादी, आणि चित्रपट शांताल अकेरमान यांचा १९७५चा ‘जान दिलमान’, २०१ मिनिटांचा. हे मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचं मत घेतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्हज’ पहिला होता, १९६२ ते २००२ सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२मध्ये हा. एका स्त्री-दिग्दर्शकाचा चित्रपट पहिल्यांदाच अग्रभागी आला. मत देणारे २०१२मध्ये ८४६ होते, २०२२मध्ये सोळाशेच्या वर. मतदार बदलले की यादी बदलणारच.

पण खरी गोम वेगळी आहे. प्रत्येक समीक्षक दहा नावं देतो, पण त्या दहांना क्रम नसतो. सगळ्यांना एकेकच मत. जिवापाड आवडलेला आणि दहावी जागा भरायला लिहिलेला, दोघांचं वजन सारखं. तेव्हा पहिला क्रमांक याचा अर्थ ‘सर्वांत जास्त लोकांच्या दहांत आला’ एवढाच. ‘सगळ्यांनी पहिला मानला’ असा मुळीच नाही. या मतदानात कुणी कुणाची जोडीने तुलना केलेली नाही.

म्हणून अशी यादी शिडीसारखी चढू नका, बाजारासारखी फिरा. ओळखीच्या माणसापासून सुरुवात करा : शंभरात भारतातला एकच चित्रपट आहे, ३५व्या क्रमांकावर ‘पथेर पांचाली’. तिथून चौथ्या क्रमांकावरच्या जपानी दिग्दर्शक ओझूंच्या ‘टोकियो स्टोरी’कडे जाणं सोपं आहे, म्हातारे आईबाप शहरातल्या मुलांकडे जातात आणि मुलांना वेळ नसतो, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. एका दिग्दर्शकाचे दोन-तीन लागोपाठ बघा, मग पुढचा. महिन्याला चार पुरेत.

‘जान दिलमान’कडे वर्षभराने परत या. रात्री जेवून नको, रविवारी सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत. गोष्ट तीन दिवसांची आहे आणि पहिल्या दिवशी तिचं काम नुसतं नीट बघून ठेवायचं : दिवा कधी घालवते, भांड्यावर झाकण ठेवते का, बटाटे कसे सोलते. दुसऱ्या दिवसापासून जे बिघडतं ते याच गोष्टींत बिघडतं, आणि आधीचं बघितलेलं नसेल तर ते दिसतच नाही. एका बैठकीत जमणारच नसेल तर मन मानेल तिथे पॉज करू नका. दिवस संपल्याची पाटी पडद्यावर येते, तिथे थांबा.